धुऱ्यावरचा मोह आणि आमच्या वकील विहीणबाई

चंद्रपूर जिल्ह्यात कायदा शिकलेली माणसं पुष्कळ असतील, पण शिकलेला कायदा वांग्यांच्या ढिगापासून लग्नाच्या मांडवापर्यंत इतक्या सढळ हाताने वापरणारी बाई एकच असावी, आणि ती माझ्या मुलाची सासू आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. इवाई आणि ईन यांनी एकमेकांना टोमणे मारावेत, मानपानावरून रुसावं आणि सणासुदीला एकमेकांच्या घरी पोटभर जेवून स्वयंपाकाला नावं ठेवावीत, एवढाच या नात्याचा पसारा. आमच्या विहीणबाईंनी त्यात उलटतपासणी आणली.

त्या मूल या तालुक्याच्या गावी राहतात. त्यांचे यजमान राइस मिलमध्ये मुनीम आहेत, शांत माणूस, तांदळाचा दाणा दाताखाली धरून भाव सांगणारा. विहीणबाईंचं लग्न बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात झालं होतं. पुढे त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या मुलाशी लागलं, आणि मांडवाचे बांबू परत जायच्या आत त्यांनी चंद्रपूरच्या एका कॉलेजात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला नाव घातलं. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मी व्याह्याला शोभेल असा सल्ला दिला, की शिकायचंच असेल तर नुसतं बी.ए. करा, घरी बसून होतं, बस धरावी लागत नाही. त्या म्हणाल्या, "इवाईबुवा, नुसत्या बी.ए.नं माणूस समजते, नुसत्या कायद्यानं भांडण समजते. मले दोन्ही एका तिकिटात भेटून राह्यलं, तं काऊन सोडू?"

त्यातलं माणूस समजण्याचं काम आधी सुरू झालं, आणि ते त्यांनी माझ्या घरापासून सुरू केलं. समाजशास्त्राच्या सरांनी कुटुंबातील निर्णयप्रक्रिया या विषयावर काहीतरी लिहून आणायला सांगितलं होतं. पोळ्याला जेवायला आलेल्या विहीणबाईंनी ताटावर बसल्या बसल्या माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्या घरी शेवटचा शब्द कोनाचा असते?" बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यायचाच, दुसऱ्या कोनाचा?" आणि तिने माझ्या ताटात कोहळ्याची भाजी वाढली. करू नकोस म्हणून मी सकाळपासून तीनदा बजावलेली भाजी होती ती. विहीणबाईंनी एकदा भाजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्या लेखाला वर्गात शाबासकी मिळाली असं सूनबाईने सांगितलं. त्यात माझं नाव नव्हतं म्हणे, फक्त 'कुटुंबप्रमुख (नाममात्र)' असं होतं.

कायद्याचे विषय सुरू झाल्यावर मूलच्या बाजाराची शांतता गेली. करार शिकवला जात होता त्या दिवसांत विहीणबाई वांगी घ्यायला बसल्या की आधी प्रस्ताव मांडायच्या, मग स्वीकृती आली का ते विचारायच्या, आणि भाजीवाली "घ्या बाई, घ्या" म्हणाली तर ती स्वीकृती मोघम आहे म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी भाजीवालीने तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, वांगे घ्याचे आहे का लगन लावाचं आहे?" विहीणबाई त्यावर इतक्या हसल्या की वांगी तिथेच विसरून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या तेव्हा भाजीवालीने ती बांधून ठेवली होती. "स्वीकृती होती तुमची," ती म्हणाली.

लग्नाचा किस्सा तर आमच्या नात्यात अजून सांगतात. त्यांच्या भाच्याचं लग्न. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, भटजींनी श्वास घेतलेला, आणि विहीणबाई नवरीजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, तुही संमती आहे ना?" भटजींनी घेतलेला श्वास तसाच सोडला. नवरी म्हणाली, "आहे," आणि तेही असं ठणठणीत की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली. सासरच्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. पुढे त्यांना तो बराच ऐकायला मिळाला आणि त्याचं श्रेयही विहीणबाईंनाच देतात, अर्थात वेगळ्या शब्दांत.

पण ही बाई कोरड्या कलमांची नव्हती. कॉलेजात लुटुपुटूचं कोर्ट भरतं, कोणी न्यायाधीश, कोणी वकील, कोणी आरोपी. एकदा यांच्या वाट्याला आरोपीची वकिली आली आणि आरोपी झाली होती सिरोंच्याकडची एक मुलगी, जी घरी तेलुगू बोलायची आणि होस्टेलच्या जेवणाने वाळून गेली होती. खटला चोरीचा, चोरी खोटी, पोलीस खोटे. विहीणबाईंनी मात्र तिच्यासाठी डबा नेला. "जेलात काय खात असन लेकरू," त्या यजमानांना म्हणाल्या. खटला त्या हरल्या आणि बसमध्ये रडल्या. डबा पुढे त्या मुलीचं शिक्षण संपेपर्यंत जात राहिला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. मी सेवा सोसायटीचा गटसचिव म्हणून निवृत्त झालो आणि गावाने मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. गावातली भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटवायची, हे समितीचं काम. माझी पद्धत सोपी होती. दोघांना बोलवायचं, चहा द्यायचा, एकमेकांच्या हातात हात द्यायला लावायचा आणि कोणी बोलायला लागलं की म्हणायचं, "झालं ना आता, जाऊ द्या." माझ्या कारकिर्दीत एकही तंटा दोन कप चहाच्या पुढे गेला नाही. तालुक्याहून पाहणीला लोक येणार, मग वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा बोर्ड लागणार, असं ठरलं होतं. बोर्ड मी रंगवूनही ठेवला होता.

तेवढ्यात मोहाचा तंटा आला. दोन भावांची वाटणी झाली होती आणि नवा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नेमका एका जुन्या मोहाच्या झाडाच्या बुंध्यावरून गेला. फुलं दोन्ही शेतांत पडायची. वेचायच्या त्या दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या जावा. थोरलीने झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ केली की पहाटे धाकटी येऊन वेचून न्यायची. थोरलीने मग तिथे बाज टाकली. धाकटीने बाजेला बकरी बांधली. प्रकरण माझ्याकडे आलं, आणि त्याच सुमाराला विहीणबाईंचा निरोप आला की शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी एखादी मध्यस्थी समोर बसून पाहायची आहे, तर येऊ का. मला वाटलं, बरं झालं, कायद्यालाही कळेल गाव कसं चालतं.

त्या आल्या आणि चहा यायच्या आत त्यांनी मलाच विचारलं, "इवाईबुवा, या दोघींचं बोलनं झालं काय?" मी म्हटलं, बोलण्यासारखं काय आहे त्यात? "मंग मी ऐकतो," त्या म्हणाल्या आणि खाली चटईवर बसल्या. एकीला बोलू द्यायचं, दुसरीने मधे तोंड घालायचं नाही. दुपार उलटली. बाज झाली, बकरी झाली, वाटणीत गेलेला पाणी भरायचा पितळी गुंड झाला. आणि मग धाकटी एकदम म्हणाली, "मोहाचं काय घेऊन बसले बाई? पयले आमी दोघी संगं जात होतो अंधाराच्या. आता मी एकटीच जातो. अस्वल येते तिथी. मले भेव लागते." थोरली म्हणाली, "मले का नाई लागत? म्हनून तं बाज टाकली. निजत नाई मी तिथी, बसून राह्यतो."

विहीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "येत्या रविवारी पुन्हा बसू," त्या मला म्हणाल्या. "होऊन राह्यलं हे. घाई नका करू."

पाहणी गुरुवारी होती. रविवार मला परवडणारा नव्हता. मी दोन्ही भावांना बोलावलं, चहा दिला आणि सुचवलं की झाडच नसेल तर तंटा कशाचा? भावांना ते पटलं. त्या दोघांनी जन्मात एक फूल वेचलं नव्हतं. बुधवारी झाड पडलं आणि मी समितीच्या वहीत लिहिलं, 'उभयपक्षी संमतीने'. वाक्य हिशेबी होतं. गटसचिवाच्या हाताची सवय कुठे जाते?

गुरुवारी पाहणी झाली, बोर्ड लागला. शुक्रवारी वनरक्षक आला आणि पारावर सगळ्यांसमोर त्याने विचारलं, मोह तोडला तो कोणाला विचारून? मोह तोडणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही, सरकारच्या लेखीही नाही आणि घरच्यांच्या लेखीही नाही. म्हातारी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "आमच्या विहीणबाई वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांना विचारूनच केलं." एवढंच. वनरक्षक चहा पिऊन गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मूलची वकीलीण आली, जावांना दिवसभर बोलतं केलं आणि झाड पाडायचा कायदा सांगून गेली.

रविवारी त्या आल्या. खोडाजवळ उभ्या राहिल्या. जावांपैकी कोणी दारातून बाहेर आली नाही. त्यामागचं कारण विहीणबाईंना सूनबाईकडून कळलं असणार, पण मला त्यांनी काही विचारलं नाही. कॉलेजच्या अहवालात मात्र शेवटी एक ओळ होती, 'वादाची विषयवस्तू नष्ट झाल्यामुळे वाद संपला.' सरांना ती फार आवडली असं त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

त्या पास झाल्या, सनद मिळाली, मूलच्या कोर्टाच्या आवारात एक टेबल आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडून बसू लागल्या. हळूहळू दुसऱ्या गावांच्या बायका येऊ लागल्या, कारण ऐकून घेणारा वकील अशी त्यांची ख्याती झाली. आमच्या गावची एकही गेली नाही. घरच्या कार्यात भेटल्या की त्या मला एवढंच विचारायच्या, "काय इवाईबुवा, तुमच्या गावात तंटा नाई ना?" मी म्हणायचो, नाही. पोळ्याची कोहळ्याची भाजी त्यानंतर मी न बोलता खाऊ लागलो.

या उन्हाळ्यात मी काही कामाने कोर्टाच्या आवारात गेलो होतो. धाकटी जाऊ कसलंसं प्रतिज्ञापत्र करायला आलेली. विहीणबाईंच्या टेबलाजवळून ती चालली तशी यांनी मान वर केली, पुढची खुर्ची जरा बाहेर ओढली. ती पदर ओढून पलीकडच्या वकिलाकडे गेली. विहीणबाईंनी खुर्ची आत सारली आणि फाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या. फाइल उलटी होती.

मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "मले काऊन सांगता? मले माहीत आहे. ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

ग्रामसभेत सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' असतात. तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात. मी उभा राहिलो. सरपंच म्हणाला, "काका, बसा, पाण्याच्या टाकीचं झालं बोलून." मी म्हटलं, टाकीचं नाही, मोहाचं आहे. विहीणबाईंनी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं, झाड मी पाडलं आणि नाव त्यांचं घेतलं. चपला शोधणारे थांबले. मग मागून थोरली जाऊ म्हणाली, "मंजे आमचा तंटा मिटलाच नाई." धाकटी म्हणाली, "कुठी मिटला? आमाले इचारलं कोनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघी मूलला गेल्या. वाटणी झाल्यापासून त्या पहिल्यांदाच एका सीटवर बसल्या होत्या, असं कंडक्टरनेच मला सांगितलं. आमच्या गावातून विहीणबाईंकडे गेलेली ही पहिली केस, दोन अर्जदार आणि एक गैरअर्जदार, मी.

नोटीस द्यायला त्या स्वतः आल्या. बायकोने चहा पुढे केला तर हात आडवा धरला. "मी सध्या तुमच्या विरुद्ध आहो." मी नोटीस घेतली, सही केली. "झालं, बजावली," त्या म्हणाल्या. "आता मी ईन आहो. आना चहा. अन् साखर कमी काऊन असते तुमच्या घरी?" नोटिशीत मागणी अशी होती, की गैरअर्जदाराने जुन्या खोडाच्या दोन्ही बाजूंना मोहाचं एकेक रोप लावावं आणि ती तग धरेपर्यंत स्वतः पाणी घालावं, मजूर लावून नव्हे.

रोपं लागली आहेत. संध्याकाळी मी दोन बादल्या घेऊन जातो, गुडघे वाटेत दोनदा बसवतात. जावा धुऱ्यावर बसून माझ्यावर नजर ठेवतात आणि कोणाच्या रोपाला पाणी जास्त पडलं यावरून एकमेकींशी भांडतात. बोर्ड वेशीवर आहे अजून, मी त्याच्याकडे पाहत नाही. विहीणबाई सवड मिळाली की रविवारी येतात, पदर खोचून रोपांची पानं उलटून बघतात, माती बोटाने उकरतात.

परवा मी त्यांना म्हटलं, मोह फुलावर यायला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माहीत आहे. यांची फुलं पडतील तेव्हा मी काही नसणार.

"नोटिशीत तसं काई लिहिलं नाई, इवाईबुवा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली भरलेली बादली घेऊन धाकटीच्या बाजूच्या रोपाकडे गेल्या.