रविवारी चुकणारा हात

गहिनीनाथ माझा शेजारी. दोघांच्या रानात एकच बांध, आणि त्या बांधावरून आमचं कधी वाजलं नाही, याचं सगळं श्रेय त्याला. मी एसटीत कंडक्टर होतो. दिवसभर लोकांशी हुज्जत घालायची सवय, ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. आता ती घरात चालते, असं माझी बायको सुरेखा म्हणते. गहिनीनाथचं उलट. त्याला नीट विचारलं तरी उत्तर मानेनं. पावसाबद्दल विचारा, बाजारभावाबद्दल विचारा, मान हलली की समजायचं बोलणं झालं.

त्याच्या वाटणीचं गोजरबाई बोलायची, म्हणजे त्याची बायको. मुलगा समर्थ कॅनडात नोकरीला. त्याचा फोन आला की ती मोबाईल हातात घेऊन अंगणभर फिरत बोलायची. गाय व्याली इथपासून भावकीत कुणाचं लग्न मोडलं इथपर्यंत सगळं सांगायची. गहिनीनाथ मागं बाजेवर बसलेला. शेवटी ती म्हणायची, तुमाला काय बोलायचंय का? तो बसल्या जागेवरून विचारायचा, बरा हाय ना? झालं बापाचं बोलणं.

गेल्या वर्षी चैत्रात गोजरबाई गेली. चार दिवसांचा ताप, कर्जतच्या दवाखान्यातून नगरला नेलं आणि तिथंच संपलं. समर्थ पोचला तो थेट दहाव्याला. तेरावं झालं आणि परत गेला. त्या दिवसांत बापलेक एका ओट्यावर बसलेले असायचे, एक उत्तरेकडं बघतोय, दुसरा दक्षिणेकडं. मला राहवेना. मी दोघांनाही टोचून बघितलं, पण दगडाला पाझर फुटेल तर शपथ.

पुढं समर्थचा फोन रविवारी यायला लागला. इकडं दिवस कलायला लागतो तेव्हा तिकडं सकाळ असते. जेवलात का? जेवलो. तू? हो. पाऊस? न्हाई. मग दोघंही गप्प, आणि मग समर्थ म्हणायचा, ठेवू का? फोन ठेवल्यावर गहिनीनाथ मोबाईलकडं बघत बसायचा. एकदा मला म्हणाला, पोरगं आसंच करत करत एक दिवस फोन करायचं सोडून देईल. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगतो, मला भीती वाटली.

दिवाळीत समर्थचा कुणी मित्र पुण्याला आला, त्याच्याबरोबर एक लांब नळकांडं आलं. उघडलं तर आत चार तुकड्यांची छडी, एक फिरकी, तिच्यावर गुंडाळलेली पिवळी जाड दोरी आणि एका डबीत नकली बेडूक. आमचं गाव भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. गहिनीनाथ तरुणपणी गांडूळ लावून गळ टाकत बसायचा, ते समर्थला आठवलं असावं. त्यानं फोनवर सांगितलं की तात्या, मी इथं दर शनिवारी ऑफिसच्या लोकांबरोबर असाच मासे धरायला जातो, तुम्हीही शिका, मी शिकवतो. कॅनडातून कर्जत तालुक्यातल्या माणसाला छडी फिरवायला शिकवणार! उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या ह्याच.

यातली भानगड अशी. साध्या गळाला वजन बांधतो, ते वजन दोरीला ओढून नेतं. इथं दोरीच जड. छडीनं ती डोक्यावरून मागं झुलवायची, मागं सरळ झाली की पुढं झुलवायची, आणि तिच्या टोकाला पिसांची हलकी माशी बांधलेली असते ती आपोआप जाते. ह्या खेळात गळाला माशीच म्हणतात. पण आमच्या फुगवट्यात मासा म्हणजे मरळ, आणि मरळीला आवडतो बेडूक. म्हणून समर्थनं पाठवलेल्या माश्या बेडकाएवढ्या, वर त्यांना शिशाचे डोळे. नाकापेक्षा मोती जड. अशी माशी दोरीचं ऐकत नाही. ती मागं लोंबते, मग अचानक पुढं येते आणि फेकणाऱ्याच्याच टाळक्यात बसते.

ज्वारीच्या कडेच्या पडीक तुकड्यात सराव सुरू झाला. समर्थच्या सांगण्यावरून सरावाच्या बेडकांच्या गळाची टोकं पकडीनं आधीच तोडली, नाहीतर पहिल्याच रविवारी मला टाके पडले असते. मी मोबाईल धरून उभा राहायचो आणि समर्थ तिकडून बघायचा. गहिनीनाथची खोड वेगळीच होती. जन्मभर बैलं हाकलेला माणूस. आसूड उडवायचा म्हणजे शेवटी मनगटाला झटका द्यायचा, तरच आवाज निघतो. त्यानं छडीलाही तोच झटका दिला. सटकन आवाज आला आणि बेडूक दोरी तोडून ज्वारीत गेला. दुसरा बेडूक बाभळीत. तिसरा माझ्या टोपीवर बसला आणि मला टेंगूळ आलं. मी मोबाईलमध्ये तोंड घालून समर्थला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. समर्थ हसत सुटला. आणि गहिनीनाथ, ज्याला मी तेराव्यापासून हसताना बघितलं नव्हतं, तोही हसला.

गावात बातमी पसरली की गहिनीनाथ वाऱ्याला चाबूक मारतोय. पारावर चेष्टा व्हायची, त्याला पर्वा नव्हती. कारण रविवारचा फोन आता लांबत चालला होता. समर्थ म्हणायचा, मागं दोरी सरळ होऊ द्या, घाई करू नका, खांदा सैल सोडा. मग खांदा दुखतो का विचारायचा. खांद्यावरून गोळ्यांवर, गोळ्यांवरून जेवणावर. भाकरी स्वतः थापता का, की रामहरी काकांकडं, म्हणजे माझ्याकडं, जेवता? गहिनीनाथ उत्तर द्यायचा, चांगलं चार-चार शब्दांचं. एकदा तर त्यानं पोराला उलट विचारलं की तिकडं थंडीत तुझी हाडं दुखतात का.

माघ सरता सरता ज्वारी काढली आणि कडबा रचायला घेतला. गंजीवर मी, खाली गहिनीनाथ. तो मला पेंढ्या फेकून देत होता. पेंढी फेकायची म्हणजे ती आधी बाजूनं मागं न्यायची आणि मधे न थांबता त्याच झोक्यात वर सोडायची. झटका दिला की पेंढी सुटते आणि खालीच विस्कटते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पेंढ्या फेकता फेकता तो मधेच थांबला, रिकामा हात बाजूनं मागं नेऊन डोक्यावरून पुढं आणला. पुन्हा तसंच केलं. मी वरून ओरडलो की ऊन लागलं काय, पेंढी दे. त्यानं पेंढी दिली.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी मोटर चालू करायला मी पाण्याकडं गेलो. काठावर गहिनीनाथ एकटा उभा होता. छडी बाजूनं मागं गेली, डोक्यावरून पुढं आली, पिवळी दोरी लांबलचक सुटली आणि शिशाच्या डोळ्यांचा बेडूक पाण्यातल्या वेलीच्या कडेला अलगद टेकला. कुठं झटका नाही, आवाज नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तिथंच. त्याच्या पायाशी बादलीत हाताएवढी मरळ होती. मला इतका आनंद झाला की मी लपूनच राहिलो. म्हटलं, रविवारी पोराला दाखवू दे त्याचं तो.

रविवार आला. मोबाईल धरून मीच उभा. गहिनीनाथनं छडी उचलली, मनगटाला झटका दिला आणि बेडूक बाभळीत.

मला वाटलं हात चुकला. पुढच्या खेपेला दोरी गळ्याभोवती. त्याच्या पुढच्या रविवारी छडीच हातातून सुटली. चुकासुद्धा बेतून केलेल्या, दर खेपेला नवी. समर्थ तिकडून जीव तोडून सांगतोय, आणि हा मान हलवतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हात उभा राहून हात अवघडतो माझा! फोन बंद झाल्यावर मी त्याला धरलाच. म्हटलं, मी बघितलंय तुला पाण्यावर, ही कसली नाटकं?

तो दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "जमलं म्हनलं की फोन संपला, रामहरी."

 मी म्हटलं, की असं किती दिवस चालणार, वर्षश्राद्धाला तो येतोय, तेव्हा बिंग फुटेल. तेच त्याला खात होतं. बापानं दर रविवारी आपल्याला उल्लू बनवलं, असं पोराला वाटलं तर? आधीच धागा बारीक, तोही तुटायचा. म्हणाला, तो हितं असस्तोवर छडी बाहेरच काढत न्हाई. मी बरं म्हटलं. पण माझं बरं म्हणणं किती टिकतं हे गावाला ठाऊक आहे.

चैत्रात समर्थ आला. वर्षश्राद्ध झालं, पानं उठली. बापलेक पुन्हा ओट्यावर, एक उत्तरेकडं, एक दक्षिणेकडं. शेजारी बसले की फोनवरचंही बोलणं नाही. गहिनीनाथ आत-बाहेर करत होता. समर्थ दोन दिवसांनी परत जाणार. मला ते बघवेना. फुटायचं ते फुटू दे, पण हे असलं मुकं बसणं नको, असं मनाशी म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जाहीर केलं की उस्ताद आलेत, कॅनडाची विद्या बघायला पाण्यावर चला. गहिनीनाथनं माझ्याकडं असं बघितलं की बांधाचं भांडण त्या दिवशीच सुरू व्हायचं.

गंमत म्हणजे समर्थही काढता पाय घेत होता. म्हणे प्रवासानं अंग आंबलंय, खांदा धरलाय. पण दहा-बारा माणसं जमली होती, ती कुठं सोडतात. शेवटी त्यानं छडी हातात घेतली. धरली तेव्हाच मला शंका आली. त्यानं दोरी मागं झुलवली आणि फटकन पुढं आणली. बेडूक त्याच्या कानामागं बसला. बेडूक सरावातला, टोक तोडलेला होता म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा दोरी त्याच्या पायाशी ढीग होऊन पडली. तिसऱ्यांदा चष्माच उडाला. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते सगळ्यांनी बघितलं. लोक खो-खो हसायला लागले. समर्थ लालबुंद झाला, चष्मा उचलायलाही वाकेना. मीही हसत होतो, आणि मग गहिनीनाथच्या तोंडाकडं बघून थांबलो.

तो पुढं झाला. चष्मा उचलला, धोतराला पुसला, पोराला दिला. मग त्याच्या मागं उभा राहिला आणि छडीवरचा त्याचा हात आपल्या हातात धरला. पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात तसा. समर्थला अक्षरं गोजरबाईनं शिकवली होती, गहिनीनाथ त्या वेळी बैलांमागं असायचा. तेवढ्या सगळ्यांसमोर तो म्हणाला की झटका देऊ नको, पेंढी गंजीवर फेकतो तसा हात बाजूनं मागं ने, मधे थांबू नको. दोघांचे हात मागं गेले, वरून पुढं आले, दोरी सुटली आणि बेडूक पार वेलीपाशी जाऊन टेकला. हसणं बंद झालं.

समर्थनं मागं वळून बघितलं नाही. दोरीकडं बघतच म्हणाला, "तुम्हाला येतं, तात्या."

"कडबा रचला तवापासनं."

"मग दर रविवारी?"

"जमलं म्हनलो आसतो, तर तू फोन कशाला केला आसतास?"

 समर्थ म्हणाला की तो शनिवारी कुठंच जात नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर एकदाच गेला होता, असाच कानाला मार खाऊन आला आणि छडी कोपऱ्यात ठेवली. शनिवारी मोबाईलवर शिकवणारे लोक बघायचे आणि रविवारी तेच बापाला सांगायचं, एवढंच तो करत होता.

गहिनीनाथनं त्याचा हात अजून सोडला नव्हता. "कशापायी रं एवढं?"

"आईशिवाय तुमच्याशी काय बोलायचं, ते मला येत नव्हतं."

मी कंडक्टर माणूस, भरल्या गाडीत रडणारी पोरं बघून माझं काही हलायचं नाही. पण तिथं मला उभं राहवेना आणि त्याचा मला रागही आला. मी मागं फिरलो आणि जमलेल्यांना हाकलायला सुरुवात केली. चला, तमाशा संपला, ज्याला त्याला कामं असतील. तरी चालता चालता कानावर पडायचं ते पडलंच.

समर्थ विचारत होता, "मी यायच्या आधी, शेवटी आई काय म्हणत होती? तुम्ही सांगितलंच नाही मला."

"तू इचारलं न्हाईस. मला वाटलं, तुला ऐकायचं न्हाई."

"सांगा आता."

गहिनीनाथनं छडी गवतावर ठेवली आणि काठावर खाली बसला. समर्थ त्याच्या शेजारी बसला, दोघंही एकाच दिशेला तोंड करून. गहिनीनाथ बोलायला लागला. मी बांधावर पोचलो तरी तो बोलतच होता, हात हलवून हलवून. ऊन चढलं. सुरेखा दोनदा म्हणाली, जेवायला हाक मारा त्यांना, सकाळपासून पोटात काही नाही. मी म्हटलं, भाकरी झाकून ठेव, आज त्यांना कुणी उठवायचं नाही.