भागीरथी मावशीच्या चिंध्या

पांडेसऱ्याच्या आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये भरल्या मालाची काळजी सगळ्यांनाच होती. रिकाम्या पिपांची फक्त भागीरथी मावशीला. अंकलेश्वर-वापीहून निळी पिपं केमिकल घेऊन डाइंग मिलांत जायची आणि रिकामी होऊन आमच्या यार्डात यायची. मावशी ती धुऊन ज्याची त्याला परत धाडायची. पारोळ्याकडची ही बाई शाळेत गेली नव्हती. मी मॅट्रिक पास, म्हणून माझ्या हाती चलनबुक.

पीप उतरलं की ती आधी ओळखायची, कडीला चिंधी बांधायची आणि मगच धुवायची. ॲसिडला लाल, ब्लीचला पिवळी. कारण धुतल्यावरही पिपात थोडं ॲसिड उरतंच, आणि त्यात ब्लीच ओतलं की धूर उठतो आणि माणूस छाती धरून खाली बसतो. धुतल्यावर सगळी पिपं सारखीच. बुचात मुरलेला वास तेवढा उरतो, तोही तिच्याच नाकाला कळे.

शहाण्णव साली नवे मॅनेजर आले. मोठी पार्टी यार्ड बघायला येणार होती.

"भागीरथीबेन, आ शुं छे?" साहेबांनी चिंध्यांकडे बोट दाखवलं. "यार्ड आहे की नवसाचं झाड?"

दुसऱ्या दिवशी मावशी येण्याआधीच चिंध्या उकिरड्यावर गेल्या होत्या आणि साठ पिपांवर पांढरे नंबर चमकत होते. ब्लीचच्या कारखान्याचा ट्रक रिकामी पिपं न्यायला फाटकात उभा. मी भोळेपणाने विचारलं, "साहेब, ब्लीचचे नंबर कुठले?"

साहेबांनी आधी चिंध्या कापल्या होत्या, नंबर मागून टाकले होते; कुठला नंबर कशाचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बेन, जरा बता दो."

मावशी पालथ्या पिपावर बसून मिसरी लावत होती. "माले काय इचारतस? नंबरले इचारा."

"काम नहीं करना तो घर जाओ!"

"जाते ना. पण ब्लीच भरताना कारखान्यात कोणाची छाती जळली, तर त्याच्या बायकोला सांगायला तुम्ही जायचं."

हमाल निंबा आयुष्यात कोणाला नाही म्हणाला नव्हता. त्याने खांद्यावरचं पीप खाली ठेवलं. "मावशी सांगेल तवाच उचलीन."

ट्रकवाला हॉर्न दाबून बसला. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला.

"ओळखते," मावशी उठली. "पण चिंध्या तुम्ही वेचून आणायच्या आणि तुम्हीच बांधायच्या."

साहेब उकिरड्याकडे गेले. मी चलनबुकात तोंड खुपसलं. हसू दिसलं असतं तर माझीही नोकरी गेली असती.

मावशीने पहिलं बूच हुंगलं. "लाल."

साहेबांनी बांधली. तिने एका बोटाने ओढली; गाठ सुटली.

"सैल आहे. परत."