साफ केलेलं वर्ष

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर सरलाबाईंच्या शब्दाला किंमत आहे, आणि ती त्यांनी फुकटात मिळवलेली नाही. पथारी म्हणजे गावाबाहेरचा मोकळा माळ; बाजारातून ओली मिरची आली की तिथे ती वाळत घालायची, उलथवायची, देठ खुडायचे आणि मग निवडायला बसायचं. पांढरी पडलेली, किडकी, डाग धरलेली मिरची बाजूला काढायची. यात सरलाबाईंची बावीस वर्षं गेली. सुरुवातीला बोटं जळायची, आता जळत नाहीत. नव्या बाया हातांना तेल चोळत कुरकुरतात, तेव्हा सरलाबाई म्हणतात, जळतंय तोवर चांगलं, कातडी जिवंत आहे म्हणायची.

त्यांचा कायदा एकच. ढिगात खराब मिरची दिसली की ढीग पुढे जायचा नाही. पुन्हा पसरा, पुन्हा बसा, भले अंधार पडो. बाया पाठीमागे नावं ठेवतात, तोंडावर बोलायची कुणाची टाप नाही. घरातही तोच कायदा. नवरा सुरतेला मिलमध्ये असतो, दिवाळीला येतो आणि चार दिवस गुमान राहून परत जातो. मुलगी भूमिका तर आईनं एकदा म्हटलं की हूं नाही की चूं नाही. पोरगी गुणाची, असं सगळे म्हणायचे. सरलाबाईंनाही तसंच वाटायचं.

या गुणाच्या पोरीला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि एका ट्रस्टनं तिची फी भरायचं कबूल केलं. अट अशी, की दरवर्षी निकालपत्र आणून दाखवायचं. प्रगती दिसली तर पुढच्या वर्षाची फी. अटींचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला होता, आणि मराठीत असूनही वाचून झाल्यावर काहीच वाचलं नाही असं वाटावं, अशा मराठीत. सातवी शिकलेल्या सरलाबाईंनी त्यातला ‘प्रगती’ एवढा एक शब्द घट्ट धरला. पोरीचे हात मिरचीत जायला नकोत, एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

पहिल्या वर्षाला भूमिकाची केमिस्ट्री राहिली. बाकी सगळे विषय निघाले. कॉलेज दुसऱ्या वर्षात बसू द्यायला तयार होतं, राहिलेला पेपर मागाहून दे म्हणत होतं. ती निकाल घेऊन घरी आली तेव्हा सरलाबाई भाकरी थापत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांना जे ठाऊक होतं तेच बोलल्या.

“पांढरी मिरची ढिगमा ऱ्हायनी ते आख्खं पोतं परत येस. पहिले हाई वरीस साफ कर, मंग पुढे जाय.”

एक डागी विषय घेऊन ट्रस्टच्या दारात जायचं म्हणजे चांगले विषयही फुकट घालवायचे, असा त्यांचा हिशेब. भूमिका वर्षभर घरी बसली. एक विषय, एक पुस्तक. कुणी विचारलं तर सरलाबाई ठणकावून सांगायच्या, पोरगी वर्ष साफ करतेय.

पेपर निघाला, चांगल्या गुणांनी निघाला. जुलैत सरलाबाईंनी अर्धा दिवस खाडा केला, धुतलेलं लुगडं नेसून दोन्ही निकालपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ट्रस्टच्या ऑफिसात गेल्या. तिथले कारकून भटूभाऊ पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. गुण बघून त्यांनी मान डोलावली. मग तारखा बघितल्या, पुन्हा बघितल्या, अटींचा कागद काढून उलटा केला आणि मागच्या बाजूच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“एक इषय ऱ्हायना तरी चालस, ताई. वरीस ऱ्हायनं ते चालत नई.”

सरलाबाईंनी तीनदा समजावून सांगितलं. पोरगी कुठे उंडारत नव्हती, अभ्यास करत होती, आणि हे बघा, आता एकही विषय राहिलेला नाही. भटूभाऊ म्हणाले, ते मला दिसतंय. पण शिक्षणात खंड पडला की मदत बंद. मागे एका मुलासाठी त्यांनी समितीकडे शब्द टाकून पाहिला होता, समितीनं ऐकलं नाही. नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांना. गेल्या साली तो राहिलेला विषय घेऊनच ती आली असती, तर त्यांनी डोळे झाकून शिक्का मारला असता. हे बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण त्यांनी चहा मागवला. सरलाबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप उचलून खिडकीत ठेवला.

घरी जायचं सोडून त्यांचे पाय गोदामाकडे वळले. पावसाळ्यात निवडणीचं काम तिथेच चालतं. नेहमीच्या जागी बसल्या, हात चालू लागले. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. संताप यावा, तर कुणावर? कागद खोटा नव्हता, भटूभाऊ वाईट नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, त्यांनी दोनदा हो म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते त्यांना ठाऊक नाही.

संध्याकाळी भूमिका तांदूळ धूत होती. सरलाबाईंनी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाच्या मुलीचं सांगावं तसं. भूमिका तांदूळ चोळत राहिली. तिच्या तोंडावर आश्चर्य दिसलं नाही, आणि ते सरलाबाईंनी पाहिलं.

“तुले ठाऊक व्हतं?”

“मी कॉलेजमा इचारेल व्हतं, माय. सरनी सांगं व्हतं, एक इषय ऱ्हायना तरी ट्रस्टना फॉर्म भरता येस.”

“मंग सांगं का नई?”

भूमिकानं तांदळाचं पाणी ओतलं, दुसरं घातलं.

“तू सांगी टाकेल व्हतं ना.”

यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गुणाच्या पोरीनं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. चुकलं माझं, एवढं म्हणायला सरलाबाईंनी तोंड उघडलं. पण तो शब्द या घरात त्यांनी कधी उच्चारलेला नव्हता, आणि आज हवा होता तेव्हा तो सापडेना. तोवर भूमिकानं पातेलं चुलीवर ठेवलं होतं.

“सकाय गोदामवर जावाले कितला वाजे निघानं शे?” तिनं विचारलं. “तुनासंगे येस मी.”

“साडेसातले,” सरलाबाई सवयीनं म्हणून गेल्या.