पायात कुणी नाही

माझा डावा पाय गुडघ्याखाली माझा नाही. हे लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. पाय धडधाकट आहे, ठेच लागली की दुखतो. तरी लहानपणापासून तो मला परका वाटतो, चुकून माझ्या अंगाला जोडल्यासारखा. भाताच्या आवणीत रोपं लावताना गुडघाभर चिखलात उभा राहिलो की तो दिसेनासा व्हायचा. मला इतकं बरं वाटायचं की घरचे म्हणत, याला कामाची काय हौस! मी तो समज तसाच राहू दिला.

मोखाड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. घरी कुणी नसलं की पाय दुमडून कुबडीवर हिंडायचो. यंदा बायको जव्हारच्या बाजाराहून लवकर परतली आणि दारातच थांबली. मग मी तिला सगळं सांगितलं. नाशिकच्या डॉक्टरांनी या आजाराला नाव आहे म्हणून सांगितलं होतं, आणि चांगला पाय कापणार नाही, हेही. तिने ऐकून घेतलं आणि रविवारी भगताला बोलावलं. त्याला घेऊन आला माझा चुलतभाऊ. याचा पाय भिवंडीच्या कारखान्यात खरोखरच गेलेला.

भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले, न्याहाळले. "तुजा आजा बसलाय पायात. कोंबडा मागतो."

"पायात कुणीच नाही, बाबा. दुखणं तेच आहे."

"मास्तर झाला तं आजाला वळखत नाय," तो बायकोला म्हणाला.

भाऊ हसला. "मग मला दे ना तो पाय. फुकट पडलाय." मग हसणं थांबवून म्हणाला, "पावसात कुबडी रुतते. पोरगी येऊन मला ओढून काढते. ते पाहिजे तुला?"

याच माणसापुढे मी वर्षानुवर्षं मान खाली घातली. त्याचं जे गेलं तेच मी मागतो, याची लाज अजूनही आहे. पण मी काही त्याचा पाय नेला नाही. म्हणालो, "तुझं दुःख मला नको. मी वेडा नाही, मला कुणी धरलेलं नाही. एवढंच ऐकून घे."

"ऐकलं. पटलं नाय," म्हणत तो उठला. भगतही कोंबड्याविना गेला.

बायको तिथेच बसून होती. "कापून घेणार?"

"आज नाही."

"माझी शपथ घ्या, कधीच नाही म्हणून."

"खोटी शपथ घेणार नाही."

तिने पायावर हात ठेवला. "पाय तुमचा नाही म्हणता ना? मग माझा. एवढी वर्षं त्याला तेल मीच चोळलंय. माझ्या वस्तूला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

माझ्या देहावर हक्क माझा, हे भांडण मी मनात हजारदा जिंकलो होतो. डॉक्टरांशी, देवाशीसुद्धा. हिच्याशी भांडायचं राहिलं होतं. अजूनही मला तिचं पूर्ण पटलेलं नाही.

"विचारीन," मी म्हणालो. "पण कुबडी आता लपवणार नाही. अंगणात चालणार, दिवसाढवळ्या."

"लोक बघतील."

"बघू देत."

मी कुबडी घेतली, पाय दुमडला आणि उंबरा ओलांडला. समोरच्या घरातली म्हातारी हातातलं काम सोडून बघायला लागली. मी तिच्याकडे सरळ पाहिलं.

मागून बायको ओरडली, "अहो, आत्ताच सारवलंय! भोकं पडतील, कडेने चाला!"