पळसाच्या पाण्यातलं दुपटं

एकाच भांड्यातून तीन कापडं काढली आणि तिघांचे तीन पिवळे निघाले. मलमलीची ओढणी फिकी, रेशमी चोळी लिंबासारखी आणि बाळाचं लोकरीचं दुपटं चांगलं हळदीसारखं गडद. मी रंगारीण, माझा जन्म रंगात गेला, तरी त्या दिवशी हात टेकायची वेळ आली.

हे अक्कलकुव्यातल्या एका मारवाडी सेठांच्या परसात. त्यांची सून गवरी पहिल्यांदा बाळंत झाली होती, मुलगा. त्यांच्यात बाळंतिणीला माहेरचा पीळा येतो, म्हणजे पिवळी ओढणी. ती पांघरून बाळंतीण बाळाला घेऊन विहीर पुजायला जाते. पण लढाई सुरू होती, जर्मन रंगाच्या पुड्या बाजारातून गायब. गवरीच्या भावानं राजस्थानातून कोरंच कापड पाठवलं आणि निरोप दिला, तिकडेच रंगवून घ्या.

"जमना, तिन्हीसना पिवया रंग एकच पाहिजे," सेठाणीबाईंनी बजावलं. "नही त लोके म्हनतीन, माहेरवालासनी तीन घर मांगीसन धाडं."

गवरी खाटेवरून ऐकत होती. तिचा चेहरा एवढासा झाला. बाप नसलेली पोर, भावाची लाज आता माझ्या भांड्यात.

पुडी नाही तर पळस. दुधाची तहान ताकावर. डोंगरातल्या बाया बाजारात वाळलेली फुलं आणायच्या, ती उकळली की पिवळं पाणी सुटतं. पण रंग सगळ्या कापडांवर सारखा चढत नाही. लोकर हावरट, ती आधी पिते. रेशीम तिच्यामागे. सुताला मात्र आर्जव करावं लागतं, आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या, तेव्हा कुठे ते रंग धरतं.

म्हणून आधी कोऱ्या चिंध्यांवर करून पाहिलं. सूत घट्ट पाण्यात आधी, नंतर रेशीम कोमट पाण्यात, आणि उरलेल्या फिक्या पाण्यात लोकर, बुडवली की काढली. ओलं कापड खोटं बोलतं, त्यामुळे शेड बघायची ती सुकल्यावर, सावलीत. बऱ्याच चिंध्या वाया गेल्या. शेवटी माप सापडलं. मूळ कापडांचा रंग धुऊन उतरवला, ती पुन्हा रंगवली आणि दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातली. सेठाणीबाईंनासुद्धा नाक मुरडायला जागा मिळाली नाही.

गवरीनं दुपटं मागून घेतलं आणि बाळाला गुंडाळलं. "मावशी, मन्हा भाऊना रंग," म्हणाली. हसताना ती स्वतःच लहान मूल दिसायची.

विहीर पुजायच्या आधीच बाळाला ताप आला. बाळ गेलं.

सेठाणीबाईंनी मला परत बोलावलं. डोळे सुजलेले, आवाज मात्र कोरडा. "आते हाऊ रंग घरमा नको. बठ्ठं कायं कर आनि वाटी टाक. चिंध्यासुद्धा."

सगळं काळं करून वाटून टाकायचं होतं. काळं करणं सोपं. हिरड्यातून काढलेलं कापड हिराकशीच्या पाण्यात घातलं की बघता बघता काळं पडतं. ओढणी गेली, चोळी गेली, नमुन्याच्या चिंध्या गेल्या. दुपट्याला हात घातला तर गवरीनं ते छातीशी धरलेलं.

"मावशी, हाई पिवयंच ऱ्हाऊ दे."

मला रडू फुटलं. तशीच सेठाणीबाईंकडे गेले. "लोकरवर काया रंग बसत नही."

"कितीबी उकाया तरी?"

"कितीबी."

साफ खोटं. लोकर तर सगळ्यात आधी काळी होते. सेठाणीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनीही दोन लेकरं पुरलेली होती. "मंग जाऊ दे. पन मले दखाडू नको," एवढंच म्हणाल्या.

लढाई संपली. पुड्या परत आल्या. गवरीला पुढे दोन मुली झाल्या. एक दिवस ती दुपटं घेऊन माझ्या दारात. पळसाचा रंग टिकाऊ नव्हेच, पेटीत ठेवूनही उडाला होता. दुपटं जवळजवळ पांढरं.

"मावशी, तोच रंग पाहिजे."

"कशाशी जुळवू, गवरी? चिंधीसुद्धा ऱ्हायनी नही."

"मले याद शे ना."

पळस पुन्हा उडाला असता, म्हणून मी पुडीचा रंग लावला, फिका केला, गडद केला, थोडा लाल मिसळला. मलाच तो नीट आठवेना. दर खेपेला ती बघायची आणि दुपटं परत माझ्या हातात द्यायची. शेवटी मी थकले, तसं तिनं ते ओलं दुपटंच उचललं आणि गालाला लावलं.

"हाऊच व्हता, मावशी."

नव्हता. तिलाही ते कळलं होतं.

तेव्हापासून कुठलंही कापड रंगवलं की त्याचा एक कोपरा कापून मी माझ्या पेटीत ठेवते. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी सांगते, राहू द्या, पुढे मॅचिंगला लागतो.