वकिलाविना विलायत

मला सांगा, कचेरीत पाय ठेवताना भरवसा कुणावर ठेवावा? वकिलावर, पेशकारावर, की आपल्याच जिभेवर? मी तिघांनाही अजमावून बसलोय. बीडात माझा कापसाचा धंदा. गाठी बांधताना रुई अंगाला चिकटते ना, तसे हे किस्से चिकटलेत. कितीही झटका, दोन-चार राहतातच!

आमचा पुतण्या दत्तू औरंगाबादेत शिकून हुशार निघाला. विलायतेच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली. दिवाळीआधी मुंबईहून बोट. तोवर सरकारी परवाना हाती आला नाही तर जागा दुसऱ्याची, आणि दत्तू माझ्या दुकानात कापूस तोलायला!

*

वकीलसाहेबांनी कागद वाचले, चष्मा पुसला. "शेटजी, काम मोठं नाजूक आहे." दुसऱ्या खेपेलाही, "नाजूक आहे." तिसऱ्या खेपेला त्यांनी फी सांगितली, ती मात्र चांगली धष्टपुष्ट होती!

मी कागद उचलले. म्हटलं, "नाजूक हाय ना? मग मीच हळू धरतो."

*

"डोकं उघडं पाहिजे," फोटोवाला म्हणाला.

दत्तूचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, कडाडले, "बाप जित्ता हाय अन् पोरगं उघड्या डोक्यानं? लोकं काय म्हनतील?"

शेवटी तोड निघाली. दत्तू उघड्या डोक्यानं बसला, आणि बाप जिवंत असल्याचा पुरावा म्हणून दादा पागोटं घालून शेजारी उभे!

कचेरीत पेशकारानं, म्हणजे साहेबाच्या कारकुनानं, फोटो डोळ्यांशी नेला. "इनमें से जा कौन रहा है?"

"जो रडवेला दिसतोय तो," मी म्हटलं.

पण दोघंही रडवेलेच होते! फोटो पुन्हा काढावा लागला.

*

मग पेशकार अर्ज उर्दूत लिहून घेऊ लागला; तेव्हा आमच्याकडं कचेरीची भाषा उर्दूच. "सफर की गरज?"

त्याला विचारायचं होतं, जायचं कशासाठी. दादांनी ऐकली मराठीतली गरज. छाती काढून म्हणाले, "गरज? आमाला कसली गरज? घरी दुभतं हाय, दोन औतं हायत!"

पेशकारानं लिहिलं, 'गरज कोई नहीं.' वरच्या साहेबानं अर्ज परत धाडला. गरजच नाही तर विलायत कशाला?

नव्या अर्जाला मी दादांना घरीच ठेवलं आणि लिहून घेतलं, 'गरज: तालीम.' उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आता कोण अडवतो?

*

पाटलांनी अडवलं!

चौकशीला अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, गावी गेले. गाव तेलगावच्या अलीकडं. पाटील जुने पैलवान. अमीनसाहेबांनी विचारलं, "दत्तू की तालीम कहाँ तक हुई?"

पाटील पोट धरून हसले. "तालीम? त्या काडीची? आखाड्याचं तोंड बगितलं न्हाई त्यानं! शेळीनं ढकललं तर पडंल!"

अहवाल आला, 'तालीम बिलकुल नहीं.' बोटीला उरला महिना.

दत्तू रडकुंडीला आला. "काका, मी साहेबांना शब्दाचा घोळ समजावून सांगतो."

"अन् साहेब म्हनंल, आमच्या अमीनाला उर्दू येत न्हाई का? गप लंगोट शिव!"

दुसऱ्या पहाटेपासून दत्तू तालमीत. पाटील कडेला बसून ओरडायचे, "सायबासारखा ताठ काय हुबा ऱ्हातो बे? वाक!"

मी फेरतपासाचा अर्ज टाकला. अमीनसाहेब पुन्हा आले, पुन्हा तेच विचारलं. पाटलांनी मिशीला पीळ भरला. "लई मेहनती पोरगं! रोज तालीम चालू हाय. हितं शिकवायसारखं आता काय बी उरलं न्हाई."

अहवाल गेला, 'यहाँ की तालीम खत्म. आगे की विलायत में मुनासिब.'

परवाना आला!

वकीलसाहेब हल्ली सांगत फिरतात की हे काम त्यांनीच केलं. पाटील मात्र निरोपाला बैलगाडीपाशी आले, दत्तूच्या हातात नवा लंगोट ठेवला आणि हळूच म्हणाले, "तिथल्या तालमीतली माती तांबडी असती का काळी, तेवडं कळव बरं का."

दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं पाहिलं.

तर मंडळी, हा किस्सा पुढं सांगाल तेव्हा हिशेब सचोटीनं ठेवा. घाम दत्तूच्या खाती लिहा, शिफारस पाटलांच्या. वकीलसाहेबांच्या खाती काही चढवू नका. ते खातं लई नाजूक हाय!