मॉरीनची सवत

हॅगथॉर्प गावात सिरिल टॉफ्टला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि सिरिलला मागून हाक मारून थांबवलंय असाही नाही. त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं, हात हलवायचा, मग तो थांबतो, तोंडभर हसतो, आणि आपण काहीही विचारलं तरी विमानाबद्दल बोलू लागतो. तरुणपणी वीसेक वर्षं तो हवाई दलात जेट इंजिनं दुरुस्त करायचा. त्या काळी इंजिनाशेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांना कानात घालायला कापसाचे बोळे मिळत, तेही मागितले तर. सिरिलने कधी मागितले नाहीत. पुढे हॉर्नकॅसलला ट्रॅक्टर दुरुस्त करता करता उरलेसुरले कानही गेले. पण आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करील तर तो सिरिल कसला! लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच त्याचं म्हणणं. कानाचं यंत्र त्याच्याकडे होतं, मोज्यांच्या खणात.

त्याची बायको मॉरीन कधीचीच ओरडणं सोडून हातांवर आली होती. विमानाच्या नाकाशी उभा राहून वैमानिकाला करायच्या खुणा सिरिलने तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेने शिकवल्या होत्या, आणि त्यांच्यावर या बाईने पंचावन्न वर्षं संसार रेटला. बोट हवेत गोल फिरवलं की इंजिन चालू करा, म्हणजे घरात किटली ठेवा. दोन मुठी, अंगठे आत, म्हणजे चाकांना ठोकळे लावा. घरात त्याचा अर्थ, जागचा हलू नकोस, फरशी ओली आहे. अंगठे बाहेर म्हणजे ठोकळे काढा, जा बाबा एकदाचा. आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला की इंजिन बंद. ही खूण त्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाई, कारण जेवताना सिरिल बोलायला लागला की ताटातलं गार होऊन जायचं.

विषय एकच, हंटर. ते जुनं लढाऊ जेट त्याने आणि गावातल्या त्याच्यासारख्याच निवृत्त मंडळींनी एका भंगारवाल्याकडून आणलं, तेव्हा त्याच्या इंजिनात साळुंक्यांच्या जातीच्या पाखरांचे तीन पिढ्यांचे संसार होते. त्याच विमानावर सिरिलने विशीत काम केलं होतं. खात्री कशी? तर पोटाखालच्या झाकणाजवळ एक पोचा होता. तो सिरिलच्याच हातून पाना पडून आलेला, आणि सार्जंटपासून लपवलेला. भंगारात गुडघ्यांवर बसून त्याने त्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि मॉरीनकडे वळून म्हणाला, "हीच ती." सवत घरात आली हे मॉरीनला तेव्हाच कळलं.

पुढची दहा-अकरा वर्षं तिने त्या सवतीच्या नावाने बोटं मोडली आणि तिचं सगळं केलंही. इंजिनातलं तेल काढायला तिचा चांगला बेकिंगचा ट्रे गेला. हवेच्या तोंडांवर घालायची लाल कापडी झाकणं तिनेच आपल्या मशीनवर शिवली, दोनदा, कारण पहिली सिरिलला सैल वाटली. कुजलेल्या रबरी नळ्या, गंजलेले स्क्रू, इंधनाच्या टाकीच्या गळत्या हे सगळं तिच्या जेवणाच्या टेबलावरून गेलं. नाताळच्या दिवशीही हा माणूस दुपारी तासभर हँगरमध्ये जाऊन यायचा. एकटी पडली असेल, म्हणायचा. कोणाबद्दल बोलतोयस ते तरी ऐक, असं मॉरीन म्हणायची, पण ते त्याला ऐकू येत नसे.

शेवटी गंगेत घोडं न्हायची वेळ आली. मे महिन्यातल्या एका रविवारी हंटरचं इंजिन लोकांसमोर चालू करायचं ठरलं. उडायचं नव्हतं, जागच्या जागी चालवायचं होतं, पण सिरिलला तेवढ्यात स्वर्ग होता. विमानाच्या नाकाशी उभं राहून वैमानिकाला इशारा देणारा माणूस अर्थात तोच. दुसऱ्या कोणाचं नाव काढायचीही कोणाची छाती नव्हती. नाव काढलं ते विमा कंपनीने, तेही आडवळणाने. नाकाशी हेडफोन लावलेला माणूस हवा, आणि वैमानिक काय बोलतो ते त्याला नीट ऐकू आलं पाहिजे, असा नियम आला.

सुरक्षेचं काम पॉलिन क्रॅबट्रीकडे होतं. ही बाई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाली तरी तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती. तिने रंगीत तालीम ठेवली. ती स्वतः वैमानिकाच्या जागेवर चढून बसली, सिरिल हेडफोन लावून नाकाशी. कानाचं यंत्र हेडफोनखाली नुसती शिट्टी मारायचं, म्हणून ते त्याने केव्हाच खिशात टाकलं होतं. पण गडी डगमगला नाही. इंजिन चालू करण्याआधीचे प्रश्न आणि त्यांचा क्रम त्याला झोपेतही पाठ होता. काचेआड पॉलिनचे ओठ हलले की तो पुढचं उत्तर ठोकून द्यायचा. ठोकळे लावलेत. मागे मोकळं आहे. सगळं घड्याळासारखं चाललं होतं.

पॉलिन जरा थांबली. मग त्याच सुरात, पण हँगरभर ऐकू जाईल असं तिने विचारलं, "सिरिल, चहात साखर किती घेता?"

"आगीचा बंब डाव्या बाजूला उभा आहे," सिरिलने खणखणीत आवाजात सांगितलं.

हँगरभर हशा पिकला. पॉलिन हसली नाही. "सिरिल, माझं बोलणं ऐकू येतंय का तुम्हाला?"

"इंजिन चालू करायचं काडतूस बसवलंय."

आता कोणीच हसलं नाही. सगळे आपल्याकडे का बघतायत हे सिरिलला कळेना, तो एकेकाचं तोंड न्याहाळत राहिला. पितळ उघडं पडलं होतं आणि पडल्याचा आवाजही त्याला आला नव्हता. पॉलिन खाली उतरली, त्याच्या हातावर हात ठेवून, ओठ स्पष्ट हलवत, जेवढं हळुवार सांगता येईल तेवढं तिने सांगितलं. मॉरीन चहाच्या टेबलाशी उभी होती. नवऱ्याच्या डोक्यावरून हेडफोन उतरताना तिने पाहिला आणि ओतता ओतता किटली खाली ठेवली.

तुम्हाला वाटेल, बाई सुटली. इतकी वर्षं हेच तर मागत होती, घरात बसलेला नवरा. तर तो बसला. पहिले दोन दिवस त्याने बागेतलं कुंपण दुरुस्त केलं, मोडलं नसताना. मग नुसताच खिडकीशी बसू लागला. जेवताना चकार शब्द नाही. मॉरीनचा उजवा हात सवयीने गळ्यापर्यंत जायचा आणि थांबवायला काही नाही म्हणून परत यायचा. तिने त्याच्या आवडीची सॉसेजं केली, प्लम ब्रेडवर चीज ठेवून दिलं. त्याने खाल्लं, अंगठा वर केला, आणि ताट विसळून ठेवलं. ताट विसळलेलं पाहून मात्र मॉरीन घाबरली.

रविवारी तू जाणार ना, असं तिने कागदावर लिहून विचारलं, कारण ही खूण त्यांच्याकडे नव्हती. त्याने नकारार्थी मान हलवली. प्रेक्षकांच्या दोरीच्या मागे उभं राहून बघायचं नाही मला, म्हणाला. "तिला चालू करताना मी तिच्या नाकाशी नसेन, तर मी घरीच बरा, मॉरीन."

दुसऱ्या दिवशी मॉरीन कोट चढवून तडक पॉलिनच्या दारात गेली. आत या म्हटलं तरी गेली नाही.

"तुमच्या त्या नियमात काय आहे? हेडफोनवाल्याला ऐकू आलं पाहिजे. एवढंच ना?"

"एवढंच. पण सिरिलला..."

"सिरिलचं सोडा. मला ऐकू येतं. शेजाऱ्यांचं भांडण येतं, उंदीर येतो, सिरिलच्या पोटातली गुरगुर येते. हेडफोन मी लावते. वैमानिक जाइल्स काय बोलतो ते मी सिरिलला हातांनी सांगते, सिरिल त्याचं काम करेल. नाकाशी एकच माणूस हवा असं कुठं म्हटलंय?"

पॉलिनने चष्मा वर केला. "आणि खुणांत घोटाळा झाला तर?"

"पंचावन्न वर्षं खुणांवर संसार केलाय. स्वयंपाक करपला, तो त्याच्या बडबडीने. खुणांनी नाही."

पॉलिन मुख्याध्यापिका खरी, पण दगड नव्हती. तिने विमा कंपनीला विचारलं, त्यांनी होकार कळवला, आणि तिने पुन्हा तालीम लावली. या खेपेला मॉरीन विमानापासून चार पावलांवर, सिरिलला तिरक्या नजरेने दिसेल अशी. प्रश्नामागून प्रश्न आले, मॉरीनचे हात हलले, सिरिलने उत्तरं दिली. मध्येच पॉलिनने तोच जुना डाव टाकला. साखर किती? मॉरीनने दोन बोटं दाखवली आणि हवेत चमचा फिरवला.

"दोन," सिरिल विमानावरची नजर न हलवता म्हणाला. "आणि नीट ढवळून. तुम्ही ढवळत नाही, पॉलिन."

रविवारी शेतांवरून गार वारा येत होता. दोरीपलीकडे निम्मं गाव बेकन रोल खात उभं. सिरिलने कामाचा जुना गणवेश इस्त्री करून घातला होता. मॉरीनने आदल्याच दिवशी बसवून घेतलेल्या केसांवर हेडफोन चढवला, आणि केसांचं वाटोळं झालं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून काय ते समजा. वैमानिक जाइल्स ऑर्डे, हाही सत्तरी उलटलेला, शिडी चढायला निघाला तेव्हा सिरिलने त्याचा दंड धरला. विमान खाली राहून ते सांभाळणाऱ्या माणसाचं असतं आणि वैमानिक ते फक्त उसनं नेतो, हा त्या लोकांचा जुना रिवाज.

"उसनी देतोय," सिरिल म्हणाला. "ओरखडा आला तर माझ्याशी गाठ आहे."

"माहीत आहे, सिरिल," जाइल्स म्हणाला आणि मुकाट वर चढला.

मग सगळे आपापल्या जागी गेले. मॉरीनच्या कानात जाइल्सचा आवाज आला. तो तयार होता. मॉरीनने बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. हजारो वेळा किटलीसाठी फिरवलेलं तेच ते बोट. सिरिलने पाहिलं, वळला, आणि आपला हात उंच करून तीच खूण वैमानिकाला केली.

इंजिनाला पहिला धक्का देणारं काडतूस धडाडलं. विमानाच्या पोटातून काळ्या धुराचा लोट सुटला, दोरीपलीकडे पोरं किंचाळली. मग काहीच नाही. मॉरीनच्या मनात आलं, मेली सवत ऐन वेळी दगा देणार. आणि तेवढ्यात कुठून तरी खोलातून एक बारीक सूर निघाला, वर वर चढत गेला, आणि त्याची गर्जना झाली. जमीन हलली. मॉरीनच्या दातांपर्यंत ती गर्जना पोचली.

तिने सिरिलकडे पाहिलं. तो ताठ उभा होता, एक हात खूण देण्यासाठी वर, दुसरा छातीवर सपाट ठेवलेला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. त्याने मॉरीनकडे मान वळवली. त्या आवाजात त्याचे शब्द कोणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओठ तिने वाचले.

"ऐकू येतंय," तो म्हणत होता. "मॉरीन, मला ती ऐकू येतेय."

दोन हिवाळे झाले होते, त्याला मॉरीनचा आवाज नीट ऐकू येऊन. पहाटे बागेत गाणारा पक्षी, दारावरची थाप, नातवाचा फोन, सगळं एकेक करून गेलं होतं. आणि ही सवत आली आणि सरळ आत शिरली. मॉरीनला तिचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर चांगलाच वाटला. आणि तरीही त्या माणसाचा चेहरा बघता बघता तिचेही डोळे भरून आले.

कानात जाइल्स म्हणाला, ठरलेला वेळ झाला, बंद करू का, सिरिलला विचार. मॉरीनने हात गळ्याकडे न्यायचा होता. नेला नाही.

"सगळं ठीक आहे ना तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"एकदम ठीक. काटे जागच्या जागी आहेत."

"मग अजून थोडी चालू दे, जाइल्स," ती म्हणाली. "तो ऐकतोय."

इंजिन चालू राहिलं. पॉलिनने दुरून घड्याळ पाहिलं, मग घड्याळ बाहीखाली घातलं. शेवटी सिरिलनेच, मनसोक्त झाल्यावर, आपला हात गळ्यावरून आडवा फिरवला. सूर उतरत उतरत विझला. त्यानंतरच्या शांततेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या काही त्याला ऐकू आल्या नाहीत. तो विमानाखाली वाकून पोच्यापाशी हात ठेवून उभा होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मॉरीनने मांस भरून भाजलेली पेस्ट्री वाढली, मटार वाढले, आणि सिरिलने काटा उचलून तोंड उघडलं. काडतुसाचा धूर जास्त काळा होता म्हणाला, पण तो वाऱ्यामुळे. सूर चढताना मध्ये एक अटकाव होता, तो कुणाला कळला नसेल, त्याला कळला. काटा तसाच हवेत, पेस्ट्रीवरची वाफ जात चाललेली. मॉरीनचा हात गळ्यापर्यंत गेला. सिरिलने तो पाहिला आणि पंचावन्न वर्षांच्या सवयीने वाक्य अर्ध्यावर सोडून मटारांकडे वळला.

पण तिचा हात आडवा फिरला नाही. तिने नुसती मानेवरच्या रुमालाची गाठ सैल केली. मग दोन्ही मुठी त्याच्यासमोर टेबलावर धरल्या आणि अंगठे बाहेर काढले. ठोकळे काढले.

सिरिलने तिचे हात पाहिले. मग त्याने काटा खाली ठेवला, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.